मूठमातीच्या जागेची वही

हिर्डोशीच्या पुढं, वरंध घाटाच्या रस्त्यावरून आत गेलेल्या एका गावात मी ग्रामसेवक म्हणून चार वर्षं काढली. भोरहून एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून पाऊण तास चालायचं. त्याआधी मी वेल्ह्याच्या बाजूला होते. तिथं एका गोड बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर, जागा न बघता, मी एका दाखल्यावर सही केली होती. त्या सहीनं गायरानाचा एक तुकडा कुणाच्या तरी कुंपणात गेला. चौकशी झाली, ताकीद मिळाली, बदली झाली. तेव्हापासून मी माणसावर आधी संशय घ्यायची आणि मग नमस्कार करायची. घरी वडील म्हणायचे, "तू आता देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधतेस."

नव्या गावात दोन महिने झाले नाहीत तोच एक अर्ज आला. गावाच्या वरच्या अंगाला जुनी दफनभूमी होती. वरच्या वस्तीवरची शेळ्यामेंढ्या राखणारी घरं आपली माणसं तिथं पुरायची आणि गावातल्या सगळ्याच घरांची तान्ही लेकरं तिथंच जायची. शेजारची जमीन शहरातल्या एका माणसानं घेतली होती. त्याचं म्हणणं, सात-बाऱ्यावर दफनभूमी अगदी लहान आहे, बाकीचा माळ माझ्या गटात येतो आणि मला त्यातून रस्ता काढायचा आहे. गावकरी म्हणत होते, सगळा माळ मूठमातीचा. पण 'म्हणत होते' एवढंच. कागद कुणाकडंच नव्हता.

मी एकटीच जागा बघायला गेले. कुणाला आधी कळवलं नाही, कारण कळवलं की माणसं जागा दाखवायला येतात आणि त्यांना हवी तेवढीच दाखवतात. माळावर करवंदीची जाळी, मधूनमधून दगडांच्या ओळी आणि एका कोपऱ्यात शेळ्यांचा गोठा. गोठ्यापाशी एक सत्तरीचा म्हातारा एक लांबट दगड पहारीनं उलथत होता. मला बघून त्यानं पहार खाली ठेवली आणि दगडावरच बसला.

"काय करताय, बाबा?"

"काय न्हाई. इचू हाय का बघत हुतो."

विंचू बघायला कुणी पहार आणत नाही. मी गोठ्याच्या भिंतीकडं पाहिलं. बाकीचे दगड ओबडधोबड होते, पण पाचसहा दगड चारी अंगांनी घडवलेले होते आणि त्यांच्या खाचांत जुना चुना दिसत होता. मी मोबाईलवर फोटो काढले. मी कुठला दगड टिपते ते तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "त्येचा आज्जा त्या जागंचा राखणदार हुता, संस्थानाच्या येळंला. कचेरीनं नेमल्याला. वही हाय म्हणत्यात त्येच्याकडं. पर कुणाला दावत न्हाई."

"का दाखवत नाहीत?"

"आता त्येलाच ठावं," असं म्हणून सरपंच हसले. त्या हसण्यावरही माझा विश्वास बसला नाही, कारण आदल्या आठवड्यात अर्जदाराच्याच गाडीतून त्यांना भोरच्या स्टँडवर उतरताना मी पाहिलं होतं. पुढं कळलं, एसटी चुकली म्हणून त्यांनी गाडीला हात केला होता. पण ते पुढं. तेव्हा मी दोघांनाही एकाच मापानं मोजलं.

मग मी म्हाताऱ्याच्या घरी गेले. घर वस्तीत होतं, माळाच्या कडेला. त्याच्या बायकोनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. मी वहीचं नाव काढलं तशी ती कप विसळायच्या निमित्तानं बाहेर गेली.

"कुठली वही?" तो म्हणाला. "आसंल तर उंदरांनी खाल्ली आसंल."

बोलताना त्याची नजर क्षणभर माळ्यावर गेली आणि झटकन खाली आली. मी उठताना मुद्दाम म्हणाले, "बाबा, सरकारी जागेची वही दडवणं गुन्हा आहे. आणि त्या जागेत गोठा बांधणं हाही गुन्हाच."

"आमी कुटं दडवली?" तो म्हणाला. बोलता बोलता तो सरकून माळ्याच्या शिडीला पाठ लावून बसला. खरं सांगायचं तर ते बघून मला बरं वाटलं. माझा अंदाज बरोबर ठरतोय, असं वाटलं. हा अर्जदाराला सामील आहे. वही दडवायची, खुणेचे दगड उपटायचे, माळ जाऊ द्यायचा, आणि बदल्यात गोठा कायम. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. मोजणीची तारीख लागली, त्या दिवशी या माणसाला उघडं पाडायचं, असं मी ठरवलं.

मोजणीच्या चार दिवस आधी, रविवारी सकाळी, भोरमध्ये आमच्या घराची कडी वाजली. दार उघडलं तर म्हातारा. डोक्याला स्वच्छ फेटा, काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. पहिल्या एसटीनं आला होता.

"माझं घर कुणी दाखवलं?" मी विचारलं.

"ईचारत आलो. तुमच्यावानी." तो आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. घोंगडी सोडली. आत जाड पुठ्ठ्याची, वाळवी लागलेली वही होती. मी हात पुढं केला तर त्यानं वही मागं ओढली.

"वाचून घ्या. पर माझ्यादेखत. हातात द्याची न्हाई."

म्हणजे जेवढा माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, तेवढाच त्याचाही माझ्यावर नव्हता. वही मोडीत होती. आमच्या आळीत एक निवृत्त गुरुजी मोडी वाचायचे. त्यांच्याकडं गेलो. म्हातारा वहीला खेटून बसला, पान उलटायचं तर तोच उलटायचा. गुरुजी चष्मा पुसून वाचू लागले.

सुरुवातीला कचेरीचा हुकूम होता. वर इंग्रज, खाली संस्थान आणि त्याखाली हा राखणदार. त्यानं करायची कामं एकाखाली एक लिहिली होती. खड्डा छातीइतका खोल असावा. वर दगड रचून काटे टाकावेत, म्हणजे तरस उकरणार नाही. साथीचं प्रेत असेल तर चुना घालावा. पावसाळ्याआधी आणि नंतर हद्दीचे दगड मोजून कचेरीत सांगावे. त्या जागेत गुरं चारू नयेत. राखणदाराला लिहिता येत नव्हतं, म्हणून नोंद गावचा कुलकर्णी करायचा आणि खाली याचा अंगठा.

मग नोंदी. गुरुजींचा आवाज हळूहळू उतरला. 'मुलगी, सहा दिवसांची.' 'म्हातारी, वरची वस्ती.' आणि एका ठिकाणी, 'घाटात मेलेला वाटसरू. नाव ठाऊक नाही. अंगावर काळी घोंगडी, लाल काठाची. उजव्या पायाला सहा बोटं.' त्याखाली वेगळ्या शाईत, 'कोकणातून भाऊ आला. घोंगडी दाखविली. ओळख पटली. जागा दाखविली.'

मी पहिल्यांदाच त्या राखणदाराचा विचार माणूस म्हणून केला. लिहिता न येणारा एक माणूस मेलेल्याच्या पायाची बोटं मोजून कुलकर्ण्याला सांगतो, घोंगडी जपून ठेवतो, का तर उद्या कुणी शोधत येईल.

शेवटी हद्द आली. पूर्वेला ओढा, उत्तरेला दुहेरी खडक, पश्चिमेला पायवाट, दक्षिणेला वस्तीची कड. म्हणजे सगळा माळ. अर्जदाराचा रस्ता ज्यातून जाणार होता तोही. गुरुजी पुढं वाचायचे थांबले. म्हाताऱ्याकडं पाहून मग म्हणाले, "राखणदाराला जनावरं बांधायला नैऋत्येचा कोपरा दिला आहे, हद्दीच्या आत. नोकरी असेतोवर. पुढं जागा मोकळी करावी, असं आहे."

"ठावं हाय मला," म्हातारा म्हणाला.

"गोठा जाईल तुमचा," मी म्हणाले.

"जाईल."

"मग आणलीत कशाला?"

तो वहीवर हात फिरवू लागला. "रस्त्याची खुंटी ठोकली त्या मान्सानं परवा. कुटं ठोकली ठावं हाय? माजी पोरगी हाय तितं. तीन वर्साची हुती. तवा पावसात एसटी आली न्हाई, दवाखान्याला न्ह्याची राहिली." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्या तुमाला लबाड बोललो. शेळ्या कुटं बांदू म्हून बोललो. पर गाडीचं चाक तिच्यावरनं जानार म्हनल्यावर नीज येईना."

हे ऐकूनही, सांगायला लाज वाटते, माझी नजर वहीच्या शिवणीवर गेली. तिथं एक पान नव्हतं. फाटलेलं नव्हे, कापलेलं. कड पांढरी, ताजी होती. मी विचारलं. "म्या न्हाई," तो म्हणाला आणि वही मिटून घोंगडीत घातली.

मोजणीच्या दिवशी वहीत लिहिल्या जागी शोधलं तेव्हा करवंदीच्या जाळीत दोन घडीव दगड मिळाले. ओढ्याकडचा तिसरा मोजणीदारानं स्वतः माती उकरून काढला. आणखी एक दगड म्हाताऱ्यानं आधीच सरळ उभा करून ठेवला होता, मी पहिल्या दिवशी पाहिलेला. तो उपटत नव्हता, पडलेला उभा करत होता. पण तो हद्दीचा दगड आहे हे मला सांगायचं तर गोठ्याच्या भिंतीतले घडीव दगडही हद्दीचेच, हे त्याला कबूल करावं लागलं असतं. अर्जदारानं हरकत घेतली, वर अपील केलं. अजून चालू आहे. रस्ता मात्र थांबला आणि खुंट्या निघाल्या.

मोजणीत गोठा हद्दीच्या आत निघाला, घर बाहेर. गोठा काढण्याची नोटीस मला काढावी लागली. माझ्या चार वर्षांतली ती सगळ्यात जड सही. खरं बोलून स्वतःविरुद्ध पुरावा आणणारा एकच माणूस मला भेटला आणि नोटीस त्याच्याच नावावर. ती द्यायला मी शिपायाला न पाठवता स्वतः गेले. त्यानं घेतली, अंगठा केला आणि आठवड्याच्या आत गोठा स्वतःच उतरवला. घडीव दगड हद्दीवर नेऊन लावले.

नोटीस दिली त्याच दिवशी, तो शेळ्यांमागं गेल्यावर त्याची बायको मला म्हणाली, "पान त्येनंच कापलं, म्याडम. तुमच्याकडं आला त्या दिशी पाटंचं, चुलीपाशी बसून. त्येला वाचता येत न्हाई, पर कुठलं पान ते आज्ज्यानं दावल्यालं." एका पावसात आजा तापानं पडला होता. तरसानं एक लेकरू उकरलं. कचेरीनं त्याला कामावरून काढलं आणि तेच त्या पानावर लिहिलं होतं. म्हणजे गोठ्याचा हक्क तेव्हाच संपला होता, आणि ते म्हाताऱ्याला ठाऊक होतं. गोठा जाऊ दे, पण आज्ज्याची निंदा चार माणसांत वाचली जायला नको, एवढंच त्याला हवं होतं. असं ती म्हणाली. मी ऐकलं. त्या पानावर आणखी काही असेल का, हा प्रश्न तेव्हाही मनात आलाच. पान चुलीत गेलं होतं. अहवालात मी लिहिलं, 'वहीतील एक पान गहाळ आहे.' कुणी काढलं ते लिहिलं नाही, कारण माझ्याकडं ऐकीव बोलण्यापलीकडं काही नव्हतं. ही पळवाट होती का, ते मी अजून ठरवलेलं नाही.

वही त्यानं दप्तराला दिली नाहीच. माझ्यासमोर बसून प्रत्येक पानाची झेरॉक्स काढू दिली, पानं मोजून घेतली आणि घेऊन गेला.

माझी बदली व्हायच्या आधीच्या ग्रामसभेत मी सुचवलं, दफनभूमीची नवी वही सुरू करू आणि राखणदार म्हणून याच बाबांना पंचायतीकडून नेमू. सरपंचांनी लगेच मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा मागं भिंतीला टेकून बसला होता. तो उठला नाही.

"नगं," म्हणाला. "राखीन तशीच. नेमनूक दिली की काडून बी घेता येती."