टचिंगकाकांनी पुसलेला डाग

आमच्या घरात ‘टच’ हा शब्द काकांच्या मालकीचा होता. बाकीच्यांनी तो वापरायचा तर त्यांच्यादेखत जरा जपून. एखादी मावशी निघताना सहज म्हणायची, चला, टचमध्ये राहू, की काका चष्मा कपाळावर सरकवून गंभीरपणे विचारायचे, कुठे टच करायचंय? मावशी गोंधळून स्वतःचा गाल चाचपायची. मग काकू आतून ओरडायची, की अहो, त्यांना जाऊ द्या, बाहेर गाडी थांबलीय.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. ते एका फोटो स्टुडिओत टचिंग करायचे. हल्ली हे काम काय असतं ते समजावून सांगावं लागतं, आणि मला त्याचा राग येतो, पण सांगते. तेव्हा फोटो काळे-पांढरे असत. फोटो काढला, निगेटिव्ह धुतली, की ती टचिंगवाल्याकडे यायची. कुणाच्या कपाळावरची पुटकुळी, कुणाच्या डोळ्यांखालचं जागरण, कुणाच्या ओठांजवळची सुरकुती, असलं सगळं तो त्या निगेटिव्हवर पेन्सिलने बुजवायचा. मग कागदावर छाप निघायची ती गुळगुळीत. गिऱ्हाईक खूश होऊन फोटोग्राफरची पाठ थोपटायचं. काकांचं मत असं, की फोटो काढतो तो टचिंगवाला, फोटोग्राफर नुसतं बटण दाबतो. फोटोग्राफरचं मत अर्थातच वेगळं होतं, आणि दोघं पंचवीसेक वर्षं एकाच किटलीतला चहा पीत भांडले.

त्या धंद्यामुळे असेल, पण काकांना या शब्दाचं वेड लागलं. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू असायची आणि अमका फलंदाज सध्या टचमध्ये नाही असं ऐकू आलं, की ते कौतुकाने मान हलवायचे, जणू नात्यातल्या कुणाचं नाव निघालंय. शेजारचे पेटीमास्तर आजारातून उठल्यावर म्हणाले, हाताचा टच गेला हो. त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. माझा चुलतभाऊ, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, गणितात काठावर सुटला आणि फुशारकीने ‘टच अँड गो’ म्हणाला, तेव्हा मात्र टच त्याच्या पाठीवर झाला. काकू भांडीवालीला टचवुड म्हणायला शिकवून बसली होती. आमच्याकडच्या खुर्च्या लोखंडी, टेबलाला सनमायका, त्यामुळे ती बाई कुणाची तब्येत बरी आहे असं म्हणाली, की लाकूड शोधत दारापर्यंत जायची. एकदा काकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं असं मी निबंधात लिहिलं होतं. काकांनी तो शब्दही आपल्या खात्यात जमा करून टाकला. शाळेतल्या बाईंनी नाही म्हटलं, तर त्यांना माझ्याकडे पाठव, असं वर बजावलं.

मी शाळेतून घरी जाताना स्टुडिओत डोकवायचे. बाहेरच्या खोलीत पडदा, दिवे आणि एक खोटा कठडा, ज्यावर हात ठेवून अर्ध्या गावाने फोटो काढले होते. मागच्या खोलीत काका. खिडकीजवळ त्यांचं उतरतं लाकडी डेस्क, त्याच्या मधोमध चौकोनी भोक आणि त्यावर दुधी काच. खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. काका आधी कापसाच्या बोळ्याने तिच्यावर रोगणाचा हात फिरवायचे, नाही तर पेन्सिल धरत नाही. पेन्सिलीचं टोक काचकागदावर घासून सुईसारखं करायचे. मग भिंगातून बघत नुसते बारीक बारीक टिपके. रेघ नाही मारायची, असं ते म्हणत. रेघ ओळखू येते.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो, म्हणून तो पेन्सिलने भरायचा. चमकणारा व्रण तिथे काळा दिसतो, तो ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायचा. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनने पुसता येते. ब्लेड चुकलं तर गेलं. मला हे पाढ्यांसारखं पाठ होतं. माणसांची तोंडं तशी उलटी बघायला भीती वाटायची ते वेगळं.

काकांचा एक नेम होता. फोटो काढून झाला, की ते स्वतः उठून बाहेर यायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, “काय ठेवायचं?” काय काढायचं, असं कधीच नाही. पुटकुळी आज आहे, उद्या नाही, ती न विचारता जायची. पण तीळ, वण, खोक, दातातली फट, जे माणसाबरोबर राहतं ते विचारल्याशिवाय हलवायचं नाही. कुणी म्हणायचं तीळ ठेवा, नवऱ्याला आवडतो. एक म्हातारे पैलवान फुटलेल्या कानासाठी अडून बसले होते, की कान गेला तर फोटो घेणार नाही. काकांनी तो कान दागिन्यासारखा जपला. स्टुडिओचे मालक वैतागायचे, प्रत्येकाला काय विचारत बसता म्हणून. काका ऐकायचे नाहीत.

सगळ्यांना विचारलं, फक्त काकूला नाही विचारलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ते तिला स्टुडिओत घेऊन गेले आणि तिचा एकटीचा फोटो काढून घेतला. काकूच्या डाव्या गालावर भाजल्याचा काळसर डाग होता. ती लहान असताना तिचा धाकटा भाऊ पेटत्या स्टोव्हजवळ रांगत गेला, त्याला ओढताना उकळतं दूध तिच्या तोंडावर उडालं. भाऊ वाचला, डाग राहिला. काकांना वाटलं, हौसेने वाटलं, की आपल्या हातात कला आहे तर बायकोला एवढी भेट द्यावी. दोन दुपारी खपून त्यांनी गाल स्वच्छ केला. फोटो तिच्या हातात दिला आणि तोंडाकडे बघत राहिले. काकूने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “छान आहे. कोण आहे ही?”

मग तो फोटो कपाटात साड्यांखाली गेला. काकांनी दुसरी छाप काढून देतो म्हटलं, तर ती म्हणाली राहू दे. तिने आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही. संसार चांगला झाला त्यांचा, मी डोळ्यांनी पाहिलाय. पण त्यानंतर काकू कॅमेऱ्यासमोर सरळ उभी राहिली नाही. घरातल्या प्रत्येक फोटोत ती कुणाकडे तरी वळलेली, पदर सारखा करणारी किंवा मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्याआड. विचारलं तर हसून म्हणायची, आमच्या घरात एक टची विषय आहे. आणि काका पेपर वर धरायचे.

पुढे रंगीत फोटो आले, मग कॉम्प्युटर. स्टुडिओत टचिंगचं काम उरलं नाही. मालकांनी निरोपाला हार न घालता एक चांगलं घड्याळ दिलं आणि टचमध्ये राहा म्हणाले. काकांनी त्यांना कुठे टच करायचंय असं विचारलं नाही, त्यावरून आम्हाला कळलं की मनाला किती लागलंय.

काकू गेली ती अगदी अचानक. झोपेत. चुलतभावाने भिंतीवर लावायला फोटो शोधला, आणि सरळ समोर बघणारा तो एकच निघाला, साड्यांखालचा. त्याने तो मोठा करून घेतला, सोनेरी चौकट घातली आणि बैठकीच्या खोलीत लावला. येणारा जाणारा म्हणे, किती सुंदर दिसायच्या. काकांनी एकदा पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे पाठ करून बसू लागले. खुर्ची फिरवूनच घेतली. चहा, पेपर, पाहुण्यांशी बोलणंही दाराकडे तोंड करून.

चुलतभाऊ मनाने वाईट नाही, पण त्याला प्रत्येक दुखण्यावर मशीन आठवतं. तो म्हणाला, डागाचंच ना, कॉम्प्युटरवर टाकून देतो. आणलाही. छापलेला डाग बदामाच्या आकाराचा, तपकिरी. काकांनी तो कागद हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा पडला. हा नाही, एवढंच म्हणाले. मग कसा होता ते सांगा, असं भावाने विचारलं. काका बोट स्वतःच्या गालावर फिरवत राहिले. वर नेलं, खाली आणलं, थांबले. त्यांना सांगता येईना, आणि नेमका आकार आम्हालाही आठवेना.

भाऊ ऑफिसला गेल्यावर ते माझ्याशी बोलले. “लोकांचे तीळ मला अजून आठवतात गं. त्या पैलवानाचा कान आत्ता काढून दाखवीन. आणि रोज समोर बसायची, तिचा डाग आठवत नाही. बघायचंच सोडलं होतं मी. बघितलं की आपण काय केलं ते आठवायचं.”

मी म्हटलं, निगेटिव्ह कुठे आहे? काळा डाग म्हणजे पेन्सिलचं काम. पेन्सिल पुसता येते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पेटीमास्तरांनी उठून सूर लावला. पण लगेच मान खाली गेली. डागाच्या कडेला थोडी चमक होती, म्हणाले. भाजल्याची कातडी चकाकते. ती पेन्सिलने जात नाही. तिथे ब्लेड चालवलं असेल, तर पेन्सिल पुसूनही चेहरा खरवडलेलाच राहणार. आणि ब्लेड चालवलं होतं की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना. शिवाय जुन्या निगेटिव्ह मालकांनी फिल्मवरची चांदी काढणाऱ्यांना विकल्याचं कानावर होतं.

तरी आम्ही गेलो. स्टुडिओच्या जागी आता मालकांची मुलगी दुकान चालवते, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि मोबाइलची कव्हरं. तिने काकांना लगेच ओळखलं. विकल्या ते खरं, म्हणाली, पण स्टाफचं खोकं बाबांनी देऊ दिलं नाही. स्टुडिओतल्या माणसांच्या घरचे फोटो बिलाशिवाय निघायचे, त्यामुळे त्यांच्या निगेटिव्ह वेगळ्या ठेवायची तिथे पद्धत होती. खोकं माळ्यावर होतं. फोटोग्राफरच्या जुळ्या मुली, मालकांचा कुत्रा, टाय घातलेला कुणी अनोळखी, आणि तळाशी, पिवळ्या पाकिटात, पोस्टकार्डाएवढी काकूची फिल्म. कडेला बुरशी होती. चेहऱ्यावर नव्हती.

डेस्क अजून खिडकीजवळच होतं. त्याच्यावर मोबाइलची कव्हरं मांडलेली. मुलीने ती उचलली, काच पुसली, आरसा सारखा केला. काकांनी फिल्म ठेवली. घरून आणलेल्या टर्पेंटाइनचा बोळा हातात घेतला. हाताचा टच आता पूर्वीचा नव्हता. त्यांनी तीनदा बोळा जवळ नेला आणि मागे घेतला. मग तो माझ्या हातात दिला. “तू पूस. गोल फिरव. टच हलका ठेव, दाबलंस तर आहे तेही जाईल.”

मी कधी इतकी घाबरले नसेन. हळूहळू फिरवला. बोळा राखाडी झाला. काकांचे ते दोन दुपारचे टिपके सगळे त्या कापसात उतरले. मी बोळा बदलला, पुन्हा फिरवला. फिल्म वाळू दिली. मग काका भिंग घेऊन वाकले. मला नुसता एक पारदर्शक तुकडा दिसत होता, वेडावाकडा, खाली निमुळता होत जबड्याकडे उतरलेला. काकांना मात्र निगेटिव्ह वाचायला छाप लागत नाही. ते बघत राहिले, बघत राहिले, आणि भिंगावर पाणी पडलं.

“ब्लेड नाही लावलं,” ते म्हणाले. “कड आहे. सगळी आहे. डोळ्यांखाली जागरणही आहे बघ, आमच्या घरी आल्यापासून बिचारी नीट झोपली नव्हती. तेही बुजवलं होतं मी.”

मुलीने फिल्म स्कॅन करायला घेतली. स्क्रीनवर चेहरा सुलटा झाला, आणि मी माझी काकू पाहिली. नवी नवरी, जेमतेम विशीची, थोडी दमलेली, पण काकूच. मुलगी माउसवर हात ठेवून थांबली. लहानपणापासून ती त्याच दुकानात वाढलेली, तिच्या तोंडातून सवयीने निघालं, “काका, काय ठेवायचं?”

काकांनी टेबलाची कड धरली. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

“सगळं,” ते म्हणाले.

फोटो आता तसाच भिंतीवर आहे. येणारे जाणारे सुंदर वगैरे म्हणत नाहीत, आधी डागाकडे बघतात, मग कसं झालं ते विचारतात, आणि काका स्टोव्ह, दूध, रांगणारा भाऊ, सगळं पहिल्यापासून सांगतात. खुर्ची त्यांनी स्वतःच वळवून घेतली. परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा ते फोटोशी बोलत होते. मला पाहून थांबले नाहीत, लाजलेही नाहीत.

“तुला विचारायला हवं होतं गं मी,” म्हणत होते.