राजम्याचे चाळीस दाणे

वडील गेले तेव्हा त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. शेवटची चार वर्षं ते मला "ताई" म्हणायचे, स्वतःच्या थोरल्या बहिणीला म्हणायचे तसं, आणि मीही ओ द्यायचे. तेव्हापासून एक भीती माझ्या पोटात कायमची मुक्कामाला आली. हे आपल्यालाही होणार. किल्ली सापडली नाही की भीती, शेजारणीचं नाव पटकन ओठांवर आलं नाही की भीती. लोक पन्नाशीनंतर शुगर तपासतात, मी स्मरणशक्ती तपासायचे. रोज बसमध्ये कात्रजपासूनचे स्टॉप मनातल्या मनात उलटे म्हणायचे. एखादा सुटला की माझा अख्खा दिवस वाया जायचा.

नारायण पेठेतल्या एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. गेल्या वर्षी एका सकाळी मी एका आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्यांची पंचवीस मिलिग्रॅमऐवजी पन्नासची स्ट्रिप दिली. ते दहा मिनिटांत परत आले, स्ट्रिप काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, मला वर पाठवायची आपल्याला काही घाई आहे का?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसले, माफी मागितली, स्ट्रिप बदलून दिली. मग मागे खोक्यांच्या आड जाऊन कात्रजपासूनचे स्टॉप उलटे म्हणून पाहिले.

त्याच सुमारास घरीही सुरू झालं. दुधाची पिशवी फ्रीजमध्ये नाही, तर कपाटात पिठाच्या डब्याशेजारी. किल्ली बाहेरून दाराला लटकलेली. दोनदा तर गॅस चालू आणि वर रिकामं पातेलं. मुलगी बंगळूरला असते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. नवरा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. माणूस जन्माचा पुणेकर. "पातेलं शिजत ठेवलंयस का?" ते विचारायचे. "कितपत झालंय बघतो, नाहीतर कच्चं राहायचं." मी खजील होऊन गॅस बंद करायचे. मला गॅस पेटवल्याचं आठवत नसे. पण न आठवणं हाच तर तो आजार, त्यामुळे न आठवणं हाच माझ्या दृष्टीने पुरावा होता.

एकदा ते गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टरांना दाखवून ये." मी नाही गेले. डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं की ते खरं झालं असतं. त्याऐवजी मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी चालणाऱ्या माइंडफुलनेसच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारी मुलगी आयटीतली नोकरी सोडून आलेली, माझ्या मुलीच्या वयाची.

"डोळे मिटून गप्प बसायची शिकवणी!" नवरा म्हणाले. "आमच्या वेळी वर्गात असं बसलं की छडी मिळायची."

रीत अगदी सोपी होती, आणि रोज सकाळी घरीही तसंच बसायचं होतं. समोर दोन वाट्या, एकीत राजमा. वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन दुसरीकडे गेलंय असं कळलं की एक दाणा रिकाम्या वाटीत टाकायचा आणि पुन्हा श्वासावर यायचं. पहिल्या दिवशी माझे सहा दाणे पडले. वीस मिनिटांत सहा म्हणजे काही वाईट नाही, मी खूश झाले. दुसऱ्या आठवड्यात चौदा झाले. चौथ्या आठवड्यात सत्तावीस. ताप लिहून ठेवावा तसे मी आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत होते, आणि ताप चढतच होता. ज्या दिवशी चाळीस दाणे पडले, त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. राजमा बघून रडणारी पुण्यात मी एकटीच असेन.

आणि मन जायचं तरी कुठे? नवीन जागी नाही. वडील, ते आजोबा, रिकामं पातेलं, आणि म्हातारपणी मी माझ्याच मुलीला "ताई" म्हणतेय हे चित्र. एवढ्याच फेऱ्यांत मन दिवसभर फिरत असतं हे मला ठाऊकच नव्हतं. भीती आधी गळ्याशी येते आणि मग तिला शोभेल असा विचार तयार होतो, हेही तिथे बसून प्रथमच दिसलं. दिसल्याने ती कमी झाली असं मात्र नाही. उलट आता ती मला तोंडओळखीची झाली होती.

रविवारी मी कॅलेंडरचं पान फाडून त्या मुलीपुढे धरलं. म्हटलं, "हे बघ, माझं वाढत चाललंय."

तिने आकडे पाहिले आणि चक्क हसली. मला असा संताप आला!

"काकू, दाणा मन गेल्याचा नाही, परत आल्याचा आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीही ते इतकंच भटकत असेल. फक्त सहाच वेळा तुमच्या लक्षात आलं." मग जरा थांबून म्हणाली, "बाकी विसरण्याचं मला काही सांगता यायचं नाही हं. त्यासाठी डॉक्टरच बघा."

घरी जिना चढताना पाय हलके वाटले. पुढचे काही दिवस मी जवळजवळ आनंदात होते. दुकानात स्ट्रिप देण्याआधी हात आपोआप थांबायचा. औषधाचं नाव, ताकद, तारीख वाचायची, मगच द्यायची. कॉलेजात शिकवलेलं हे सगळं सवयीच्या भरात कधीच सुटलं होतं. बसमध्ये स्टॉप म्हणणं बंद केलं. सकाळी बसल्यावर आवाज ऐकू यायला लागले. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, खिडकीतली कबुतरं, नवऱ्याच्या चपलांची फटफट.

त्या गुरुवारीही मी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसले होते. चपला स्वयंपाकघरात गेल्या. लायटरची टिकटिक झाली, दोनदा. ओट्यावर पातेलं वाजलं. मन गेलं, परत आणलं, दाणा टाकला. आता नळ सुटेल, चहाचं पाणी पडेल, असं वाटलं. पुन्हा दाणा. नळ सुटलाच नाही. चपला गॅलरीत गेल्या आणि पेपर उलगडल्याचा आवाज आला. मी बसून राहिले. थोड्या वेळाने तापलेल्या भांड्याचा वास आला.

मी उठून गॅस बंद केला. पातेल्याचा तळ निळा पडला होता. मागून ते पेपर हातात घेऊन आले.

"अगं, पुन्हा? बसायच्या आधी गॅस तरी बंद करत जा."

ते थट्टा करत नव्हते. खोटंही बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी होती, खरीखुरी.

मी ओट्याला धरून उभी राहिले. दूध, किल्ली, दोन्ही वेळची पातेली. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणत त्यांनी महिनोन्‌महिने अर्धवट सोडलेली शब्दकोडी. त्यांची जीभ पहिल्यासारखीच तिखट होती, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःवर पहारा ठेवण्यात इतकी गुंतले होते की वर्षभर त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला घाबरले, तीच मी त्या क्षणी देवाकडे मागितली. देवा, मीच विसरलेली असू दे.

"हो," मी म्हणाले, "माझ्याकडूनच राहिला."

दुकानातून मी डॉक्टरांना फोन केला आणि सगळं आधीच सांगून ठेवलं. यांना सांगितलं, अहो, मला भीती वाटतेय, तुम्ही बरोबर चला. ते लगेच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला. दवाखान्यात पोचल्यावर काउंटरवरच्या बाईने पेशंट कोण म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आणि मीही मान डोलावली.

आम्ही बाकावर बसलो. मी श्वासाकडे बघायचा प्रयत्न केला, पण मन पुन्हा पुन्हा शेजारीच जात होतं. माझी भीती त्यांना दिसली असावी. चारचौघांत कधी बोटाला बोट न लावणाऱ्या माणसाने माझा हात हातात घेतला.

"घाबरू नकोस," ते हळूच म्हणाले. "तुझ्या लक्षात नाही राहिलं तर मी आहे ना."