उभ्या पाण्याचा ओटा

करडी गावच्या टिकाराम वाढईला थक्क व्हायला फार काही लागत नसे. गावात पहिल्यांदा जेसीबी आला तेव्हा बाकीचे लोक दहा मिनिटं बघून आपापल्या वाटेला लागले. हा मात्र दुपारचं जेवण विसरून बांधावर उकिडवा बसून राहिला. फोनमध्ये पहिल्यांदा बोलणाऱ्याचं तोंड दिसलं तेव्हा त्यानं फोन उलटा करून मागची बाजूही पाहून घेतली. लोक हसायचे. बायको मालनबाई तर चारचौघांत म्हणायची, "आमच्या घरच्यायले रोज सूर्य उगवला तरी नवल वाटते." म्हणेना का. ज्याला कशाचंच नवल वाटत नाही तो माणूस जगतो तरी कशाच्या जोरावर, हे हसणाऱ्यांनी सांगावं.

सुतारकाम त्याच्या घरात पिढीजात. टिकारामचं वय आता अडुसष्ट. त्यातली चाळीस वर्षं त्यानं खासरं बांधण्यात घालवली. खासर म्हणजे धानाची पोती वाहणारी बैलगाडी. त्याच्या हातचं चाक दहा-दहा वर्षं कुरकुरत नसे. आरा चाकाच्या मधल्या तुंब्यात असा ठोकून बसवायचा की केसही आत जाऊ नये, आणि वरून लोखंडी धाव लालभडक तापवून चढवायची, म्हणजे थंड झाल्यावर ती सगळं चाक आवळून धरते. खिळ्याला तो हात लावत नसे. "खिळा मारला का वाढई हारला," असं त्याच्या बापानं सांगितलेलं, आणि सैल काम म्हणजे मेलेलं काम, हेही. पुढं ट्रॅक्टर आले. शेवटचं चाक करून त्याला अकरा वर्षं झाली होती. आता चौकटी, खाटा, कधीमधी देव्हारा. हात रिकामे नव्हते, पण त्या हातांना कुणी अवघड असं काही विचारलंच नव्हतं.

यंदाच्या मार्चमध्ये ते अवघड काम चालत आलं. हेमराज लांजेवार हा गावातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. त्याची बायको कुसुमताई दोन वर्षांपूर्वी धानाचं बियाणं पाखडता पाखडता कोसळली. लकवा. उजवी बाजू गेली. हळूहळू वाचा आली, हात थोडा उचलायला लागला, पण पायावर उभं राहणं काही जमेना. खाट आणि चाकाची खुर्ची, एवढंच तिचं जग झालं. मुलगी स्वाती नागपूरला लकव्याच्या माणसांकडून व्यायाम करवून घेण्याचंच काम करते. तिनं एक दिवस टेम्पोतून चार मोठी खोकी आणली, अंगणात उघडली, आणि टिकारामला बोलावणं धाडलं.

अंगणात एक गोल हौद उभा होता. पंधरा फूट रुंद, चार फूट उंच. मनगटाएवढे लोखंडी पाईप आणि त्यांना अडकवलेलं ताडपत्रीसारखं जाड निळं कापड. ना खड्डा, ना वीट, ना सिमेंट.

"काकाजी, यात पाणी भरून आईले उभं करायचं आहे," स्वाती म्हणाली.

"पाण्यासाठी नदी हाये, बोडीचं तळं हाये. हे कायले?"

"बोडीत गाळ आहे, पाय फसते. नदीले धार आहे. इथं तळ सपाट, अन् पाणी थांबलेलं. छातीभर पाण्यात माणसाचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते काकाजी. बाकीचं पाणी उचलते."

"पाणी उचलते?"

"हो. पाणीच उचलते."

टिकारामनं हौदाकडं पाहिलं, मग पडवीतल्या खाटेवरच्या कुसुमताईकडं पाहिलं. जन्मभर त्यानं पाणी माणसाला बुडवताना पाहिलं होतं, पिकाला जगवताना पाहिलं होतं. पाणी माणसाला उभं करतं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला बसावंसं वाटलं, म्हणून तो तिथंच मातीत बसला.

अडचण वेगळीच होती. हौदासोबत आलेली शिडी काठीसारखी बारकी. तिच्यावर धडधाकट माणूसही दोनदा विचार करून चढेल. कुसुमताईला चार फूट वर न्यायचं, काठावर बसवायचं आणि आत सोडायचं, यासाठी भोवती लाकडाचा भक्कम ओटा हवा होता. स्वातीनं कागदावर चित्र दाखवलं. त्यात पायऱ्या होत्या.

"पायऱ्या कायच्या कामाच्या? खुर्चीले चाकं हायेत," टिकाराम म्हणाला. "चाकाले रस्ता पायजे."

आणि मग त्यानं जे सुचवलं ते ऐकून स्वाती त्याच्याकडं बघतच राहिली. ओटा चढत्या रस्त्यासारखा हौदाभोवती गोल फिरवायचा. जमिनीपासून निघायचं, हळूहळू चढत हौदाला एक पुरा वेढा घालायचा आणि पाण्याच्या काठाशी पोचायचं. भरलेलं खासर बैल न थांबता ओढतील, तेवढाच चढ. तो किती, हे त्याला चित्रात बघायची गरज नव्हती.

हेमराज दारात उभा राहून ऐकत होता. "करा," तो म्हणाला. "पण हे शेवटचं हां, स्वाती. नागपूर झालं, वैद्य झाला, मालिशवाला झाला. दरवेळी तिले आस लावता, अन् मंग ती आठ-आठ दिवस भिताडाकडं तोंड करून पडते. ते मी पायतो, तू नाई पायत. हेबी फसलं तर गुंडाळून ठेवीन. मंग मले काई सांगू नोको."

नागपूरला परत जाता जाता स्वातीनं टिकारामला एक गोष्ट मात्र बजावून सांगितली: हौदाला लाकूड टेकू द्यायचं नाही, चहूबाजूंनी तीन बोटं मोकळी सोडायची.

टिकारामनं मान हलवली आणि मनात ते साफ खोडून टाकलं. पोरगी हुशार, पण चाक तिनं कधी केलं होतं? हौदात साडेसतरा हजार लिटर पाणी मावणार होतं. टिकारामनं हिशेब लावला: एका खासरात दहा क्विंटल, म्हणजे साडेसतरा खासरं. भरलेली. एवढं ओझं अंगणात बिनपाळीचं, बांधाशिवाय उभं राहणार, आणि त्याला धरणार कोण, तर कापड! रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. "मालन, साडेसतरा खासरं पाणी, अन् पाळ नाई," असं तो दोनदा म्हणाला. या पाण्याला आवळून धरणारं कुणीतरी हवं, आणि ते आपणच, असं त्यानं ठरवून टाकलं.

अठरा दिवस रंधा चालला. ऐनाच्या लाकडाच्या फळ्या, बीजाच्या लाकडाचे खांब. हौदाला लागून त्यानं बाकदार तुकड्यांची दोन कडी केली, एक वर आणि एक गुडघ्याइतक्या उंचीवर, आणि चाकाला धाव बसवावी तशी ती हौदाच्या पाईपांना घट्ट भिडवली. त्या कड्यांवरच चढत्या रस्त्याची आतली बाजू पेलली. एक खिळा नाही. स्वाती नागपूरला गेली होती. तिला फोनवर फोटो गेले, पण फट आहे का नाही, हे फोटोत कळत नाही. गावकरी येऊन चढउतार करून गेले. अशी वस्तू तालुक्यात कुणी पाहिली नव्हती.

स्वाती परतली त्या दिवशी सकाळीच बोअरची मोटर सुरू झाली होती. तिनं गाडीतून उतरून हौदाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "काकाजी, जागा?"

"जागा कायले? पाय, कसं चाकासारखं बसलं."

तोवर पाणी अडीच फुटांवर आलं होतं, आणि बोलता बोलताच लाकूड करकरलं. टिकारामचं लाकूड कधी करकरत नसे. त्यानं कड्यावर तळहात ठेवला. आत काहीतरी बारीक थरथरत होतं. मग त्याला दिसलं: पाईपांच्या मधल्या जागेत निळं कापड फुगून लाकडावर दाबलं गेलं होतं, पाईपांना बाहेर रेलायचं होतं आणि कडं त्यांना रेलू देत नव्हतं. एक पाईप पिळल्यासारखा आत वाकायला लागला होता.

स्वातीनं धावत जाऊन मोटर बंद केली. हेमराज ओरडला, "खालचं बूच काढा! सोडून द्या सारं! म्हणलं होतं मी!"

"बूच काढून खाली व्हायले चार तास लागतीन," स्वाती रडवेली झाली. "पाईप तवरिक टिकत नाई. कापड फाटलं का झालं, बाबा."

पडवीत कुसुमताई खुर्चीत बसली होती. तिनं फक्त चाकाला डावा हात घातला आणि खुर्ची भिंतीकडं वळवायला लागली.

टिकारामनं ते पाहिलं. त्यानं करवत उचलली. आपण बसवलेला जोड आपल्याच हातानं तोडायची वेळ त्याच्यावर जन्मात आली नव्हती, आणि त्याचे जोड सुटणारे नव्हतेच. कापावेच लागणार होते. त्यानं पहिला कट घातला. ऐनाचं लाकूड कठीण, त्यात अंगावर साडेबारा खासरं पाणी. करवत शेवटच्या धाग्यापर्यंत पोचली आणि कडं काडकन् सुटलं. कापलेल्या जागी चांगली दोन बोटं फट पडली. मग त्यानं समोरच्या बाजूला जाऊन कापलं, मग उरलेल्या दोन बाजूंना, म्हणजे पाण्याचा तोल एकीकडं जाऊ नये. खालच्या कड्यालाही तेच. आठवा कट झाला तेव्हा हौदानं अंग सैल केलं, वाकलेला पाईप सरळ झाला, पाणी दोनदा इकडंतिकडं डुललं आणि आपल्या गोलाईत स्वस्थ उभं राहिलं. कुणी धरलेलं नव्हतं. चहूबाजूंनी सारखं, आपलं आपण.

टिकाराम करवत हातात घेऊन बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात जोडले. या खेपेला कुणी हसलं नाही.

"बाप्पा," तो हळूच म्हणाला, "याले आपल्या धरण्याची गरजच नोती."

घरी मालनबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि चुलीवरून भाताचा गंज उतरवला. "गंजात तांदूळ टाकतानी फुगायले जागा सोडा लागते, हे पोरीबाळीयलेबी समजते. तुमाले अडुसष्टव्या वर्सी समजलं. चला, समजलं हे का कमी हाये." एवढं बोलून तिनं त्याला जास्तीचं वरण वाढलं. ती रागावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टिकाराम हेमराजच्या दारात हजर. "नऊ दिवस द्या भाऊ. पाणी वरपर्यंत भरा, अन् राहू द्या तसंच." नाही म्हणायला हेमराजचं तोंड उघडलं होतं. पण आत खुर्ची अजून भिंतीकडंच वळलेली होती, आणि ते त्याला सहन होत नव्हतं. "नऊ म्हणजे नऊच," तो म्हणाला.

नऊ दिवस टिकारामनं भरलेल्या हौदाशेजारी काम केलं. ओट्याला आता आतल्या बाजूलाही स्वतःचे खांब होते; हौदाला तो कुठंच टेकत नव्हता. प्रत्येक खांब ठोकताना टिकाराम मध्ये तीन बोटं घालून बघायचा. पहिल्या दिवशी ती फट बघून त्याचा हात बुजवायला पाचरीकडं जायचा. तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप जागा सोडायला लागला. शेवटी काठाची फळी राहिली, जिच्यावरून कुसुमताई बसल्या बसल्या सरकून पाण्यात जाणार होती. ती त्यानं इतकी घासली की तिच्यात आभाळ दिसावं. तरी भरवसा नव्हता. अंगणात कुणी नाही असं पाहून तो स्वतः फळीवर बसला, धोतरासकट चारदा सरकला, आणि चौथ्यांदा धपकन् पाण्यात पडला. खिडकीतून कुसुमताईनं ते पाहिलं. ती हसली. त्या घरात ते हसू कित्येक महिन्यांनी ऐकू आलं, आणि हेमराज स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊनच बाहेर आला.

दहाव्या दिवशी सकाळी हेमराजनं खुर्ची ओट्यावर चढवली. चढ असा होता की त्याला कुठंच जोर लावावा लागला नाही. हौदाला पुरा वेढा घालून खुर्ची वर पोचली. लाकूड जराही बोललं नाही. स्वाती आधीच पाण्यात उतरली होती. कुसुमताई फळीवर सरकली, स्वातीनं पाण्यात ठेवलेल्या बाकावर बसली, तिथून खाली झाली, आणि पाणी छातीशी आलं. स्वातीनं तिच्या दोन्ही काखांत हात घातले. पाण्याखाली तिचा उजवा पाय आधी तरंगला, मग हळूहळू तळाला टेकला.

टिकाराम काठाशी उभा होता. त्याचं सगळं लक्ष त्या पायाकडं. बोटं एकदा आखडली, पसरली. गुडघा थरथरला आणि ताठ झाला.

"सोड मले," कुसुमताई म्हणाली.

"आई, अजून थोडं..."

"सोड न बाई."

स्वातीनं हात काढले. साडेसतरा खासरं पाणी कुसुमताईच्या चहूबाजूंनी उभं होतं आणि मधोमध ती उभी होती. कुणी धरलेलं नव्हतं. टिकारामला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. जेसीबी, फोन, आयुष्यात आजवर जे जे बघून तो थक्क झाला होता ते सगळं याच्यापुढं पोरखेळ होतं.

कुसुमताईनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. दोन वर्षं तो तिच्या खाटेशी उभा होता. भरवायला, उचलायला, कूस बदलायला. आत्ताही तो काठावर दोन्ही हात पुढं करून उभाच होता, ती पडली तर झेलायला.

"तुमी बसा आता," ती म्हणाली. "मी उभी हाव न."

हेमराजनं हात खाली घेतले. टिकारामनं केलेल्या फळीवर तो हळूच बसला, आणि बसल्यावर त्याला रडू आवरेना. कुसुमताई मात्र उभीच होती.