पायी गाठता येईल असा गुन्हेगार

मराठवाड्यात आजवर एकच अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी स्वतः तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळं असं मत देण्याचा मला अधिकार आहे, आणि या मोजणीतून मी स्वतःला पूर्ण विचारांती वगळलं आहे. हा अर्थशास्त्रज्ञ म्हणजे आमचे घरमालक. अर्थशास्त्राचं एकही पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं. निजामाच्या राज्यात ते अदालतीत पेशकार होते. न्यायाधीशापुढं कागद मांडायचा, तो वाचून दाखवायचा आणि मध्येच बोलणाऱ्या पक्षकाराला नुसत्या नजरेनं खाली बसवायचं, हे त्यांचं काम. पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, पुढं मालक निवृत्तही झाले; पण त्यांच्यातला पेशकार काही निवृत्त झाला नाही. औरंगाबादेत क्रांती चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो, आणि पुढच्या ओट्यावर त्यांची अदालत भरत असे.

तो काळ टंचाईचा होता. साखर कार्डावर, डालडा रांगेत आणि रॉकेल नशिबात असलं तर. जो तो कुणाला ना कुणाला दोष देत होता. आमच्या स्टाफरूममध्ये सरकार, व्यापारी, पाऊस, लोकसंख्या आणि अरब यांच्यावर पाळीपाळीनं खटले चालत आणि दुसऱ्या तासाची घंटा झाली की सगळे निर्दोष सुटत. मालकांना ही पद्धत अजिबात मान्य नव्हती. त्यांचा सिद्धांत असा की प्रत्येक महागाईला एक गुन्हेगार असतो आणि तो पायी जाऊन गाठता येईल एवढ्या अंतरावर राहतो. "दिल्लीतला गुन्हेगार आपल्या काय कामाचा, प्रोफेसर?" ते मला विचारत. "त्याला समन्स कोण बजावणार? मुलजिम कसा, हाक मारली की हाजिर झाला पायजे."

हा सिद्धांत ते पाळतही. एकदा दूध पातळ यायला लागलं. गल्लीनं गवळ्याला नेहमीच्या शिव्या दिल्या आणि नेहमीसारखंच दूध घेतलं. मालकांनी मात्र त्याला ओट्यावर बसवून जबाब घेतला. गवळी धनगर समाजातला, बोलायला रोखठोक. तो म्हणाला, "चारा नाय, पेशकारसाब. म्हैस काय ढगातून दूध आणंल?" एवढ्यावर मालक शेरवानी चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून, भर उन्हात त्याच्याबरोबर पार मुकुंदवाडीपर्यंत चालत गेले. तिथं गव्हाणीत हात घालून पाहिला, म्हशीच्या बरगड्या मोजल्या आणि संध्याकाळी घरी येऊन निकाल दिला: म्हैस निर्दोष. गुन्हेगार कोण, याचा शोध घेता घेता त्यांना असं आढळलं की त्यांच्याच फुलंब्रीकडच्या शेतात कडबा रचून पडलेला आहे आणि तो कुणी मागितला नाही म्हणून कुणी दिलेला नाही. त्यांनी गुन्हा स्वतःकडं घेतला, बैलगाडीभर कडबा पाठवून दिला. दूध घट्ट झालं. मी तेव्हा कॉलेजात पुरवठ्याचा नियम शिकवत होतो. मुलांना तो समजत नव्हता, यात मुलांचा दोष नसावा.

त्यांच्या अदालतीचा थाट मात्र सांगण्यासारखा होता. चौकशीला बसताना शेरवानी हवीच. खाली घरातला पायजमा असला तरी चालेल. मुद्दई, म्हणजे फिर्यादी, डाव्या बाजूला, मुलजिम, म्हणजे आरोपी, उजव्या बाजूला, मधे पायरीवर बाकी गल्ली. काकूंना, म्हणजे मालकांच्या पत्नीला, या थाटाचं काडीइतकं कौतुक नव्हतं. ऐन साक्षीच्या वेळी त्या मेथीची जुडी मालकांच्या मांडीवर आणून टाकत आणि "न्याय करता करता एवढी निवडा" म्हणून निघून जात. मग मालक मेथी निवडत जबाब ऐकत. गंभीर मुद्दा आला की त्यांचा हात थांबे, त्यामुळं कुठला मुद्दा गंभीर आहे ते सगळ्यांना कळे. शिक्षा मात्र कायम एकच असे. गुन्हेगारानं हजर असलेल्या प्रत्येकाला आपल्या घरचा चहा स्वतःच्या हातानं आणून द्यायचा. त्यामुळं न्यायदानाला हजेरी चांगली असायची.

माझ्या विद्वत्तेबद्दल मालकांना आदर होता. मला तो पुरेसा वाटत नसे, एवढंच. एकदा चौकाजवळच्या एका सभागृहात ‘महागाईला जबाबदार कोण’ असा परिसंवाद झाला. तीन वक्त्यांत मी तिसरा. पहिल्यानं सरकारवर तोफ डागली, दुसऱ्यानं व्यापाऱ्यांवर, आणि मी दोघांकडं किंचित दयेनं पाहत चलनपुरवठा आणि जागतिक परिस्थिती यांच्याबद्दल तासभर बोललो. टाळ्या पडल्या. थोड्याच, पण जाणकारांच्या, असं मी घरी सांगितलं. मालक पहिल्या रांगेत बसले होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, ही जागतिक परिस्थिती कुठं राहते?" लोक हसले. मीही हसलो. पण ते हसत नव्हते. त्यांना खरंच पत्ता हवा होता.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं सांगतोय त्याकडं येतो. एका संध्याकाळी ओट्यावर आठदहा माणसं बसलेली असताना मला बोलायची लहर आली. त्याच दुपारी मी कॉलेजच्या वाचनालयात एका विलायती नियतकालिकात तेलावरचा लेख वाचला होता. त्यातलं निम्मं मला कळलं होतं, आणि निम्मं कळलेला माणूस फार ठामपणे बोलतो. मी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात रॉकेल मिळणं कठीण आहे. कुणीतरी विचारलं, नक्की का? मी म्हणालो, अर्थशास्त्र हे शास्त्र आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या गल्लीतल्या रेशन दुकानातलं रॉकेल सकाळी दहाच्या आत संपलं. माझं भाकीत इतकं तंतोतंत खरं ठरेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी दिवसभर तरंगत होतो. गल्ली मात्र दुकानदारावर तापली होती. बाबूराव त्याचं नाव. खेड्यातून आलेला, अबोल माणूस, वजन करताना श्वास रोखून धरणारा. त्यानं रॉकेल काळ्या बाजारात विकलं याबद्दल दुपारपर्यंत कुणाच्या मनात शंका उरली नाही. पुरवठा कचेरीत अर्ज द्यायचा, त्याचा परवाना रद्द करवायचा असं ठरलं, आणि अर्ज लिहायला अर्थातच मी. दुसऱ्यांच्या भाषणातला पोकळ डामडौल मला आजही सहन होत नाही. माझ्या अर्जात मात्र ‘लोकशाहीच्या या पवित्र प्रांगणात’ अशी सुरुवात होती आणि तो पाच पानी होता. सगळ्या गल्लीनं सह्या केल्या. मालक तेवढे म्हणाले, "चौकशी झाल्याबिगर आपली सही नाय. रविवारी बसू." मला रविवारपर्यंत धीर निघाला नाही. शनिवारीच कॉलेजला जाता जाता मी अर्ज कचेरीत देऊन टाकला.

रविवारी ओट्यावर चाळीसएक माणसं जमली. बाबूराव उजव्या बाजूला उभा. शेरवानीची वरची दोन बटणं लावून झाल्यावर मालकांनी त्याला विचारलं, रॉकेल कुठं गेलं? तो म्हणाला, "आलं तेवढं कार्डावर वाटलं, साहेब. वही बघा. ह्या वक्ताला सगळी कार्डं आली. दर महिन्याला अर्धीबी येत नाहीत." जरा थांबून तो म्हणाला, "दुकान गेलं तर गावाकडं आईला काय सांगू? तिला वाटतं मी सरकारी साहेब हाय."

मालकांचा मेथीवरचा हात थांबला होता. गल्लीत निम्म्या घरी कोळशाच्या शेगड्या होत्या, ती माणसं एरवी रॉकेल उचलतच नसत, आणि ते उरलेलं ज्यांना कमी पडे त्यांना मिळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आठवलं कुणालाच नव्हतं. मालक उठले आणि घरोघर हिंडायला लागले. तपासाची त्यांची पद्धत साधी होती, ते दारात उभं राहून वास घेत. एका घरी खाटेखाली घागर निघाली, एका घरी अंघोळीचा हंडा भरलेला, एका घरी लोणच्याची बरणी धुऊन तिच्यात. मी मोठ्या अभिमानानं त्यांना आमच्या खोलीत नेलं. त्यांनी वास घेतला आणि सरळ माझ्या पुस्तकांच्या कपाटाशी गेले. सार्वजनिक वित्तव्यवहारावरच्या एका जाडजूड ग्रंथामागं पाच बाटल्या होत्या. मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "ते पुस्तक तुम्ही काढणार नाही हे मला माहीत होतं. दुसरी सुरक्षित जागा घरात नव्हती."

ओट्यावर परत आल्यावर मालकांनी एकेकाला एकच प्रश्न विचारला. एवढं रॉकेल का भरलं? पहिला म्हणाला, प्रोफेसर म्हणाले म्हणून. दुसरा म्हणाला, प्रोफेसर म्हणाले म्हणून. पाचव्यानंतर लोक नुसतंच माझ्याकडं बोट दाखवायला लागले. शेवटी माझी पाळी आली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मालकांनी विचारलं.

"मी वाचलं."

"लिहिणारा कुठं असतो?"

"लंडनला."

त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच माझ्याबद्दल काळजी दिसली. मग ते म्हणाले, "मग तुम्हीच. दुसरा कुणी पायी गाठण्याजोगा नाय."

शिक्षेची अंमलबजावणी लगेच झाली. चाळीस माणसांना चहा देता देता आमच्या पाचपैकी तीन बाटल्या स्टोव्हनं संपवल्या. बाबूरावाला मी कप दिला. तो कप त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि मान खाली घालून पीत राहिला. मालकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, आता तेवढा अर्ज फाडून टाका. मी म्हणालो, तो काल दिला.



सोमवारी सकाळी मालक शेरवानी घालून माझ्या दारात उभे होते. कचेरीपर्यंत आम्ही चालत गेलो. तिथं मी बोलायचं नाही हे मला न सांगता कळलं होतं. कारकून वयस्क होता, मालकांना जुन्या अदालतीपासून ओळखणारा. त्यानं उठून सलाम केला, आमचं ऐकून घेतलं, मग खणातून माझी पाच पानं काढली आणि जरा ओशाळून म्हणाला, "हा अर्ज होता व्हय? मी दोन पानं वाचली. मला वाटलं कुणाचं तरी भाषण इथं राहून गेलं, म्हणून बाजूला ठेवलं. म्हटलं, न्यायला येईल." बाबूरावाचं नाव चौथ्या पानावर होतं. तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. माझ्या गद्यानं त्या माणसाचं दुकान वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही. मी म्हणतो अधूनमधून.

परत येताना मालक एका झाडाखाली टेकले. त्यांना चालण्याचा आताशा त्रास होत होता. घाम पुसत ते म्हणाले, "प्रोफेसर, वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही चांगले मुलजिम हाय. घरीच सापडता." मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे एकच असं आहे, जे मी कुठं जोडू शकलो नाही आणि टाकूही शकलो नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आम्ही स्वतःचं घर बांधून तिथून निघालो. कधी सुट्टीच्या दिवशी मी ओट्यावर जाऊन बसायचो. शेवटच्या वर्षात ते आतल्या खोलीत अंथरुणावरच असत. एकदा मी मुद्दामच तक्रार घेऊन गेलो. तेल महागलंय, म्हणालो, काहीतरी बघायला पाहिजे. पूर्वी त्यांचे डोळे चमकले असते. त्यांनी भाव विचारला, मी सांगितला. ते छताकडं बघत विचार करत राहिले, आणि मी नाव ऐकायला थोडा पुढं वाकलो. मग ते म्हणाले, "जाऊ द्या." एवढ्या वर्षांत त्यांनी सोडून दिलेलं हे पहिलंच प्रकरण. काकू दारात मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच मागं फिरल्या आणि स्वयंपाकघरात एकट्याच निवडत बसल्या. मालक गेले त्या दिवशी महिन्याची पहिली तारीख होती आणि बाबूरावानं दुकान उघडलं नाही. लोक डबे घेऊन आले, बंद फळ्या बघून परत गेले. त्या दिवशी कुणी कुणाला दोष दिला नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या चौकशीनंतरच्या महिन्यात मी देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल कुणाशी काहीच बोललो नाही. रॉकेल सगळ्या गल्लीला पुरलं.