अनुप कमरेइतक्या पाण्यात गेला

अनुप पोहायला शिकला, म्हणून गेला.

वाचायला वाईट वाटेल. मलाही लिहायला वाटतंय. पण वर्षभर हेच डोक्यात आहे, आज लिहून टाकते.

अनुप आमचा मित्र. मूळ डोंबिवलीचा. सिंगापूरला वन-नॉर्थच्या ऑफिसात माझ्याच टीममध्ये होता, वुडलँड्सला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचा. शनिवारी आमच्याकडे जेवायला. न सांगता यायचा आणि येताना हटकून हॉकर सेंटरच्या स्टॉलवरून काहीतरी तेलकट खायला घेऊन यायचा.

सिंगापूरला आला तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं. ईस्ट कोस्टला आम्ही सगळे पाण्यात, आणि हा किनाऱ्यावर चपला सांभाळत बसलेला.

मग एक दिवस वुडलँड्सच्या पब्लिक पूलमध्ये क्लास लावला. बॅचमध्ये हा एकटा मोठा. बाकी सगळी पाच-सहा वर्षांची पोरं.

"ती कार्टी मला ओरडतात गं," तो सांगायचा. "अंकल, किक लाह! व्हाय यू सो स्केअर्ड?"

पण शिकला. पहिल्यांदा न थांबता पूल पार केला त्या दिवशी त्याने आईला डोंबिवलीला फोन केला. काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता मला काळजी नाही."

राफ्टिंगची कल्पना त्याचीच. बॉर्डरपलीकडे मलेशियात, एका दिवसाची ट्रिप. सकाळी राफ्ट, दुपारी ट्यूबिंग, संध्याकाळी परत. मी, माझा नवरा समीर आणि अनुप. बसमध्ये सिंगापूरचाच आणखी एक ग्रुप होता, एका ऑफिसमधली चिनी मंडळी.

गाइडने सगळं नीट समजावलं होतं. पाण्यात पडलात तर पाय वर, पाठीवर तरंगायचं. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. दोनदा सांगितलं, आणि आमच्याकडून म्हणूनही घेतलं.

सकाळ मस्त गेली. राफ्टमध्ये अनुप सगळ्यात पुढे बसला, नरडं फाटेस्तोवर ओरडत होता.

जेवणानंतर टायरच्या मोठ्या ट्यूबमध्ये बसून नदीतून खाली जायचं होतं. नदी शांत दिसत होती. एका वळणावर मात्र काठावरचं झाड पाण्यात आडवं झालेलं, आणि सगळा प्रवाह त्याच्याकडे ओढत होता. पुढचा गाइड हातवारे करून लांबून जायला सांगत होता.

आम्ही दोघं लांबून गेलो आणि खालच्या वाळूवर उतरलो.

त्या दुसऱ्या ग्रुपमधल्या एका बाईंची ट्यूब फांद्यांत अडकली. साठीच्या असतील. पाणी त्यांना झाडाखाली ओढत होतं. फांदी धरून त्या किंचाळत होत्या.

पुढचा गाइड आमच्याजवळ, मागचा अजून वळणापलीकडे. मध्ये फक्त अनुप.

तो ट्यूबमधून उतरला. पोहत झाडापाशी गेला. पण तरंगत कुणाला ढकलता येत नाही. तो उभा राहिला.

पाणी कमरेइतकंच होतं. मी पाहिलंय.

त्याने खांदा लावून ट्यूब ढकलली. एकदा, परत एकदा. ती सुटली आणि बाई तरंगत आमच्या दिशेने आल्या. अनुपने हात वर केला. हसत होता.

मग खाली बसल्यासारखा झाला.

समीर म्हणाला, "मस्करी करतोय."

गाइड मात्र तेव्हाच धावत सुटला होता.

लोक अजून विचारतात, लाइफ जॅकेट नव्हतं का? होतं. पाय दोन दगडांत अडकला होता. मागून पाण्याचा लोंढा, माणूस पुढे पडतो आणि परत उठू शकत नाही. जॅकेट घालूनही. त्या गाइडने बुड्या मारमारून पाय सोडवला. दुसऱ्याने दोर टाकला. वाळूवर आणून दोघं आळीपाळीने त्याची छाती दाबत राहिले. शेवटी गाइड थांबला आणि माझ्याकडे बघून "सॉरी, सिस्टर" म्हणाला. तोही रडत होता.

नंतर गावातलं हॉस्पिटल, पोलीस. समीर त्याला घेऊन डोंबिवलीला गेला. मी मागे राहून त्याची खोली आवरली.

तेरावं झाल्यावर काकूंचा फोन आला.

"तू होतीस ना तिथे? मग सगळं सांग. मला कुणी धड सांगत नाही."

मी सांगितलं. काहीच गाळलं नाही.

"पाणी किती होतं?"

"कमरेइतकं, काकू."

"कमरेइतकं" असं त्यांनी एकदा स्वतःशी म्हटलं. मग विचारलं,

"आणि त्या बाई?"

"बऱ्या आहेत. रोज फोन करतात मला. तुम्हाला भेटायला डोंबिवलीला यायचं म्हणतात. त्यांचं नाव..."

"नाव नको सांगूस."

मग काकूच पुढे म्हणाल्या,

"राग नाहीये गं माझा. त्या जगल्या, चांगलं झालं. पण नाव कळलं की ते सारखं तोंडात येईल माझ्या. आणि मग काय बोलेन, माझा भरवसा नाही."

म्हणून इथेही ते नाव लिहीत नाही.

त्या बाई या आठवड्यात आमच्या घरी आल्या होत्या. संत्री घेऊन. बसल्या, चहा तसाच ठेवला. जाताना दारात विचारलं, "हिज मदर, स्टिल डोन्ट वाँट टू सी मी, ईज इट?"

मी म्हटलं, "नॉट येट, आंटी."

त्यांनी मान हलवली. लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

आज वर्ष झालं.

अनुप, तू चांगलं काम केलंस. आम्हाला अजून त्याचा आनंद होत नाही, एवढं माफ कर.

तुला आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.