डाव्या अंगानं येणाऱ्यानं नाव सांगावं

नत्थूकाकांच्या तबेल्यात शिरायचं तर आधी घोडीला आपलं नाव सांगावं लागे. दारातूनच, मोठ्यानं. जनावरांचा डॉक्टर आला तरी तेच आणि नाल ठोकणारा आला तरी तेच. एकदा काकांचे व्याही नाव न सांगता तरातरा आत गेले, तर काकांनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. "तुमी माहे व्याही आहा, तिचे नाई. नाव सांगा." व्याह्यांनी बिचाऱ्यांनी नाव, आडनाव, गाव, सगळं सांगितलं. घोडीनं कान वळवला, मगच चहा ठेवला गेला.

घोडीचं नाव सुपारी. सुपारीच्याच रंगाची, बुटकी, आणि डाव्या डोळ्यानं आंधळी. तो डोळा कसा गेला ते सांगितल्याशिवाय काका सांगून होणार नाहीत. शिवाय मी काही क्षमाशील बाई नाही.

काका भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. वसाहतीतल्या सेक्टरमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे, माझ्या वडिलांच्याच शिफ्टला असायचे. निवृत्त झाल्यावर लोक गावी घर बांधतात. काकांनी चरोद्याच्या पुढे जमीन घेऊन तबेला बांधला आणि त्याला लागून स्वतःसाठी एक खोली काढली. तबेल्यात सुपारी आणि एक म्हातारा पांढरा घोडा. हा घोडा नुसता उभा राहून दुसऱ्यांचं काम बघायचा, म्हणून त्याचं नाव फोरमन.

मी ऑफिसात क्लार्क. चाळिशीला टेकल्यावर रविवारी स्कूटरनं काकांकडे घोडेस्वारी शिकायला जाऊ लागले, तेव्हा सगळ्या सेक्टरनं हसून घेतलं. काका हसले नाहीत. त्यांनी लांब दोर माझ्या हातात दिला, सुपारीला गोल फिरवायला लावलं आणि महिनाभर पाठीवर बसू दिलं नाही. "घाई कावून करून राहिली? क्रेनचा लोड झुलला का थांबा लागते. तुह्या मनात झुलून राहिलं, ते दोरातून तिले समजते."

मग काका भावाच्या तेरवीला भंडाऱ्याकडे गेले आणि घोडे माझ्यावर सोपवून गेले. तिसऱ्या दिवशी हथखोजचा एक फॅक्टरीवाला शेठ आला. त्याचं नाव लिहीत नाही, तेवढाही मान त्याला द्यायची माझी इच्छा नाही. मोठ्या मुलाची वरात होती आणि ठरवलेली घोडी ऐनवेळी आजारी पडली होती. "बेटी, घंटे भर की बात है. आप तो एक्सपर्ट हैं." मी फुगले. लगाम माझ्या हातानं त्याच्या हातात दिला. वरातीत तिच्या पायाशी फटाक्यांची लड लागली, ती उधळायला बघू लागली, तेव्हा शेठनं स्वतः चाबूक घेऊन तिच्या तोंडावर ओढला. एकदा नाही. मी ओरडत गर्दीतून पोचेपर्यंत डोळ्यातून रक्त वाहत होतं. शेठ म्हणाला, "घोड़ी ही तो है."

काका परत आले. मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळा धुतला, औषध घातलं आणि म्हणाले, "आजपासून डाव्या अंगानं येईन त्यानं नाव सांगाव. पहिली तू."

"सुपारी, मी सुषमा," मी म्हटलं. ती अंग चोरून भिंतीला लागली.

"तिले नाव नाई समजत, आवाज समजते," काका म्हणाले. "उद्या अजून सांग."

घोड्यावर डावीकडून चढायची रीत असते. काकांनी पासष्टाव्या वर्षी उजवीकडून चढायची सवय स्वतःला लावली, तिला लावली, मग मला लावली. दोनदा काका आपटले. पँट झटकत उठायचे आणि पुन्हा रिकिबीत पाय घालायचे. रपेटीला निघालो की फोरमनला तिच्या डाव्या बाजूनं चालवायचे. जन्मभर काम न केलेला तो घोडा तिचा डोळा झाला. सात-आठ महिन्यांनी शिवनाथच्या काठी सुपारी आपण होऊन दुडकी धावली. "पाह्य, पाह्य, चालून राहिली!" म्हणत काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं.

त्याच सुमारास शेठच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. काका म्हणाले, "चाल, जरा फिरून येऊ."

चार रविवार आम्ही सुपारी-फोरमनवर बसून फिरलो. दुर्ग, भिलाई, चरोदा, वरातीला घोडी देणारा जो जो होता त्याच्या दारात उतरलो आणि चहा प्यालो. डोळ्याबद्दल काका चकार शब्द काढायचे नाहीत. समोरचाच विचारायचा. मग काका म्हणायचे, "हथखोज के सेठ को पूछो." बस. घोड्यांवर पोट असलेली माणसं ती. सुपारीचं तोंड हातात धरून बघायची आणि कुठला शेठ ते नीट विचारून घ्यायची.

चौथ्या रविवारी मी विचारलं, "काका, तुमी बदला घेऊन राहिले का?"

"मी कुठं? मी त चहा पिऊन राहिलो."

लग्नाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी शेठची गाडी तबेल्यापाशी आली. सोबत नवरदेव. एकही घोडीवाला त्यांना हो म्हणत नव्हता. काकांनी शांतपणे सांगितलं, "पहले इसको नाम बताओ." शेठ हसला, इकडेतिकडे बघितलं आणि नाव सांगितलं. तो आवाज कानावर पडताच सुपारी थरथरायला लागली, मागे सरत भिंतीवर धडकली आणि उभ्या जागी मुतली.

"सुन लिया इसने," काका म्हणाले. "अब जाओ."

मुलगा त्या डोळ्याकडे बघत राहिला, मग बापाकडे वळला. "पापा, ये आपने किया?" शेठ गाडीचं दार उघडायला लागला.

वरात उघड्या जीपमधून निघाली. मी मुद्दाम चौकात उभी राहून गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, खात ती बघितली, तिखट जास्त घालायला सांगून. तसं चविष्ट गुपचुप पुन्हा कधी मिळालं नाही. काका आले नाहीत, ते सुपारीपाशी बसून होते. "तिले तरास देल्ला म्या," एवढंच म्हणाले. पस्तावलेले मात्र दिसत नव्हते.

काका गेल्या थंडीत गेले. दोन्ही घोडे माझ्याकडे आले. तेरवीच्या दिवशी शेठ तबेल्याशी आला, एकटाच, काठी टेकत. "एक बार अंदर जाने दो, बेटी. उससे माफ़ी माँगनी है." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं हे मला दिसत होतं. "आपकी आवाज़ वो बहुत सुन चुकी," म्हणत मी फाटक लावून घेतलं. तो बराच वेळ बाहेर उभा होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच तिरीमिरीत मी तबेल्यात गेले, डावीकडून, नाव न सांगता. सुपारी दचकली आणि अंग चोरून भिंतीला लागली, अगदी पहिल्या दिवसासारखी. फोरमन बघत उभा होता. इतक्या वर्षांत काका मला त्या डोळ्यावरून एका शब्दानं बोलले नव्हते. शेठचा सूड त्यांनी चार रविवारांत उरकला होता. माझा मात्र रोजचा लावून दिला होता, आणि मी त्याला शिकवणी समजत आले होते.

"सुपारी, मी सुषमा," मी म्हटलं.

तिचा कान वळायला फार वेळ लागला.