ओराहाचं दुपटं

वर्दाच्या घरातलं प्रत्येक पोर बाप्तिस्म्याच्या पाण्यातून ओराहाच्या घराण्यानंच उचललेलं. खुद्द वर्दालाही ओराहानंच झेललं होतं. बरवारच्या डोंगरातले असिरियन लोक अशा माणसाला करीवा म्हणतात आणि हे नातं सख्ख्या भावापेक्षा जपतात. आज वर्दाच्या पहिल्या मुलाची पाळी होती, आणि ओराहा देवळाच्या उंबऱ्याबाहेर बर्फात उभा होता. काखेत दुपटं.

गुन्हा एवढाच, की तो आता खाल्दी देवळात जात होता. आई मरणाला टेकली तेव्हा गावात पाद्रीच नव्हता. शेजारगावचा खाल्दी पाद्री गुडघाभर बर्फ तुडवत आला आणि तिच्या शेवटच्या घटकेला प्रार्थना म्हणून गेला. त्या उपकाराला जागून ओराहा त्याच्या देवळाचा झाला. प्रार्थना तीच, भाषा तीच, फक्त तिथं पोपचं नाव घेतात. पण गावात नवे आलेले पाद्री हनीशो, ज्यांना सगळे काशा म्हणजे पाद्रीबाबा म्हणत, यांना तेवढंच पुरलं. त्या देवळाच्या माणसानं आपल्या पोराला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. वर्दा त्यावर चकार शब्द बोलला नाही. ओराहाला लागलं ते हेच.

आतून रडणं ऐकू आलं. काशांनी ओलं पोर वर धरलं. वर्दाचा धाकटा भाऊ ओशाना ओराहाच्या जागी पुढं झाला, पण हात हलवत. दुपटं करीव्याच्या घरून येतं. आज ते दुसऱ्या कुणी आणायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पोर काकडायला लागलं. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. अडून बसायची हीच वेळ आहे, हे ओराहाला कळत होतं, आणि क्षणभर मोह झालाही. मग त्यानं दुपटं आत धरलं.

"घे रे ओशाना. आधी लेकराला गुंडाळ."

दुपट्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याचा क्रूस होता. याच दुपट्यात तुला घेतलं, असं आपली आई सांगायची, ते वर्दाला आठवलं. त्यानं ओशानाकडून पोर घेतलं, सरळ बाहेर आला आणि ओराहाच्या हातांत दिलं.

"वर्दा, तेल लावायचं राहिलंय," काशा आतून म्हणाले. "मी उंबरा ओलांडणार नाही."

"मग आम्ही इथंच थांबतो, काशा. हाही असिरियनच आहे, माझ्यासारखा. त्याचं देऊळ कुठलं, ते तुम्ही आणि देव बघून घ्या."

कुणी जागचं हललं नाही. रडून रडून पोराचा आवाज बसला. शेवटी काशा तेलाची वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आले, आतच थांबले आणि हात लांब केला. ओराहाकडे न बघता त्यांनी पोराच्या कपाळावर क्रूस काढला. तेलाचा थेंब ओघळून ओराहाच्या बोटावर पडला. काशांनी तो पाहिला.

"दुपटं वर ओढ, करीवा," ते खाली बघतच म्हणाले. "वारा लागतोय त्याला."

ओराहानं दुपटं वर ओढलं. मग वाऱ्याकडे पाठ करून पोराला छातीशी घेतलं.